उधारीचे मीठ

आपल्या लेखनात कोरडी भाकर फार झाली आहे. कोणताही ईद विशेषांक उघडा, कोणताही वार्षिक अंक उघडा. एका तरी कथेत पडक्या घरात बसलेली म्हातारी असते. तिच्या पुढ्यात ज्वारीची शिळी भाकर, सोबत कांदा, फार तर लाल मिरचीचा ठेचा असतो. ती घास तोंडात घालते, वर बघून ‘अल्हम्दुलिल्लाह’ म्हणते आणि तिच्या सुरकुतलेल्या चेहऱ्यावर नूर पसरतो. दुसरीकडे तिचा शहरात गेलेला मुलगा असतो. त्याच्या टेबलावर दहा पदार्थ असतात आणि त्याला झोप येत नाही. कथा संपते. वाचकाचे डोळे पाणावतात, संपादक खूश, लेखक खूश. त्या म्हातारीला रात्री काय मिळाले, हे मात्र कोणी विचारत नाही.

मला तो प्रश्न विचारायचा आहे. कारण ही भाकर आता कथेपुरती राहिलेली नाही. ती जुम्याच्या बयानात आली आहे, इज्तिमाच्या मंडपात आली आहे, वलीम्याच्या दावतीत केलेल्या भाषणातही आली आहे. साधे खा, सब्र करा, कनाअत करा. सांगणारा बहुतेक वेळा पोटभर जेवलेला असतो आणि ऐकणाऱ्याला संध्याकाळच्या किराण्याची चिंता असते. कनाअत हा आपल्या परंपरेतला फार मोठा शब्द आहे. वाट्याला आले त्यावर मन तृप्त असणे, दुसऱ्याच्या ताटाकडे नजर न जाणे, हा त्याचा अर्थ. श्रीमंती मालमत्तेच्या ढिगात नसून मनाच्या श्रीमंतीत आहे, ही हदीस आपल्यातल्या शाळकरी मुलालाही ठाऊक असते. माझी तक्रार शब्दाविषयी नाही, पत्त्याविषयी आहे. ज्याच्याकडे चार पदार्थ आहेत त्याच्या दारात हा शब्द न्यायला हवा होता. आपण तो अर्धी भाकर असलेल्याच्या गळ्यात बांधला.

साध्या अन्नाचे हे प्रतीक आपल्याकडे आले ते थेट मदिनेहून. हजरत आयेशा (रजि.) यांनी आपला भाचा उर्वा याला सांगितलेली हकीकत सहीह बुखारीत आहे. दोन महिन्यांत तीन वेळा नवा चंद्र दिसायचा, तरी प्रेषितांच्या (सल्ल.) घरांत चूल पेटलेली नसायची. उर्वाने विचारले, मग तुम्ही जगत कशावर होता? खजूर आणि पाणी, असे उत्तर मिळाले. बयानात गोष्ट इथेच थांबते. मूळ हकीकत पुढे जाते. शेजारी काही अन्सारी कुटुंबे होती, त्यांच्याकडे दुभती जनावरे होती. ते प्रेषितांकडे दूध पाठवत आणि ते दूध घरातल्यांना प्यायला मिळे. आपण खजूर लक्षात ठेवला, पाणी लक्षात ठेवले आणि शेजारी गाळून टाकला. दोघांचे अन्न तिघांना पुरते आणि तिघांचे चौघांना, असे ज्या प्रेषितांनी सांगितले त्यांच्या साधेपणातून शेजारी वजा केला तर मागे काय उरते?

शिवाय ते घर कोणाचे होते, हेही आपण विसरतो. मदिनेत ज्यांचा शब्द चालत होता त्यांचे ते घर. आलेला माल त्या दारातून बाहेर जात होता, साठत नव्हता. जास्त खाणे शक्य असताना कमी खाल्ले गेले आणि उरलेले दुसऱ्याच्या घरी पोचले, म्हणून त्या खजुराला अर्थ आहे. त्याच प्रेषितांनी आपल्या दुआंमध्ये भुकेपासून अल्लाहची पनाह मागितली आहे. भुकेला त्यांनी अंथरुणातली वाईट सोबत म्हटले आहे. गरिबीपासूनही पनाह मागितली आहे. भूक इतकी पवित्र असती तर तिच्यापासून पनाह कशाला मागितली असती? आणि साधेपणा म्हणजे बेचव खाणे, असेही नाही. गोड पदार्थ आणि मध त्यांना आवडत असे, बकऱ्याच्या पुढच्या पायाचे मटण आवडत असे. कोणी वाढलेल्या अन्नाला त्यांनी कधी नावे ठेवली नाहीत. आवडले तर खाल्ले, नाही तर बाजूला ठेवले.

हिजरी १८ मध्ये, म्हणजे इसवी सन ६३९ च्या सुमारास, हिजाझमध्ये भीषण दुष्काळ पडला. वाऱ्याबरोबर राखेसारखी धूळ उडे म्हणून त्या वर्षाला राखेचे वर्ष म्हणतात. खलिफा होते हजरत उमर (रजि.). लोकांची स्थिती सुधारेपर्यंत तूप, दूध आणि मांस यांना हात लावणार नाही अशी शपथ त्यांनी घेतली आणि पाळली. तेल-भाकरीवर राहून त्यांच्या अंगाचा रंग काळवंडला, असे इतिहासकार नोंदवतात. एकदा बाजारात थोडे तूप आणि दूध आले. नोकराने चढ्या भावाने विकत घेऊन त्यांच्यापुढे ठेवले. त्यांनी सांगितले, फार महाग घेतलेस, सदका करून टाक, मला इसराफ करून खायचे नाही. लोकांवर जे गुदरते ते माझ्यावर गुदरले नाही तर त्यांची हालत मला कळणार कशी, असा त्यांचा सवाल होता.

या प्रसंगात उमर (रजि.) यांनी भुकेल्यांना कनाअतीचा उपदेश केलेला नाही. त्यांनी शामकडून धान्याचे तांडे मागवले, मदिनेबाहेर येऊन पडलेल्या टोळ्यांना रोज जेवण घातले आणि त्या वर्षी चोरीची ठरलेली शिक्षा स्थगित ठेवली. भुकेला माणूस चोरी करतो तेव्हा गुन्हा कोणाचा, हे त्यांना कळत होते. कोरडी भाकर त्यांनी स्वतःसाठी ठेवली, लोकांसाठी धान्य मागवले. आपल्याकडे आज वाटणी उलटी झाली आहे.

तरीही कोणी म्हणेल, आपण तर गरीबच समाज आहोत. आपल्याकडे सोडायला काय आहे? सच्चर समितीने २००६ मध्ये आपल्या स्थितीचे आकडे देशापुढे ठेवले, महाराष्ट्रापुरते काम महमूदुर रहमान समितीने २०१३ मध्ये पुरे केले. (त्या अहवालांवर आपण परिसंवाद घेतले. परिसंवादांत नाश्ता चांगला होता.) हा आक्षेप खरा आहे आणि त्याचे उत्तर मला तेराव्या शतकातल्या एका स्वयंपाकघरात सापडते.

अजोधन, म्हणजे आजच्या पाकिस्तानातल्या पंजाबातले पाकपट्टण. तिथे बाबा फरीदुद्दीन गंजशकर यांचा जमातखाना होता. अमीर खुर्द यांनी चौदाव्या शतकात लिहिलेल्या ‘सियरुल औलिया’मध्ये तिथल्या रोजच्या जेवणाची हकीकत येते. मुरीदांनी कामे वाटून घेतली होती. मौलाना बद्रुद्दीन इसहाक रानातून लाकडे आणत. शेख जमालुद्दीन हांसवी डेले गोळा करत. हुसामुद्दीन काबुली पाणी भरत आणि भांडी घासत. आणि चुलीपाशी बसत तरुण निजामुद्दीन, पुढे दिल्लीचे महबूबे-इलाही झाले तेच. डेले म्हणजे करीलच्या काटेरी झुडपाची फळे. आपल्याकडे कोरड्या माळरानावर हे झुडूप दिसते, त्याला नेपती म्हणतात. ती फळे उकडायची, मीठ असले तर मीठ घालायचे. जेवण झाले.

एके दिवशी घरात मीठ नव्हते. निजामुद्दीन यांनी शेजारच्या वाण्याकडून एका दिरमाचे मीठ उधार आणले, डेले शिजवले आणि वाटी शेखांपुढे ठेवली. बाबा फरीद यांनी घास उचलायला हात घातला आणि त्यांना तो हात जड वाटला. घास परत वाटीत ठेवून त्यांनी विचारले, यात इसराफचा वास येतो आहे, मीठ कुठून आणले? निजामुद्दीन घाबरले, खरे ते सांगून टाकले. शेखांनी समजावले की दरवेशाने उपाशी मरावे, पण जिभेच्या चवीसाठी कर्ज काढू नये. कर्ज आणि तवक्कुल यांच्यात पूर्व-पश्चिमेचे अंतर आहे. वाटी उचलायला लावली.

रानातली फुकटची फळे, पाण्यात उकडलेली. तेल नाही, मसाला नाही, मांस तर नाहीच. यापेक्षा साधे जेवण कोणत्या कथालेखकाला सुचेल? बाबांच्या लेखी मात्र त्या वाटीत इसराफ होता, उधळपट्टी होती. कारण मीठ आपले नव्हते. ताटात किती पदार्थ आहेत, हे त्यांनी मोजलेच नाही. ते आले कुठून, एवढे विचारले. आपण साधेपणाविषयी इतके बोलतो आणि हा एक प्रश्न विचारत नाही.

आता आपल्या वलीम्याकडे या. पाचशे माणसे धरा, ताटामागे चारशे रुपये धरा. दोन लाख झाले. शादीखान्याचे भाडे, मंडप, रोषणाई, कपडे, फोटोवाला वेगळे. रिक्षा चालवणारा, गॅरेजमध्ये काम करणारा, हातगाडी लावणारा बाप हे पैसे आणतो कुठून? बायकोचे दागिने गहाण पडतात. मायक्रोफायनान्सचा गट घरी येतो आणि कागदावर सही बायकोची असते, आठवड्याचा हप्ताही तिच्याच डोक्यावर. व्याज हराम आहे हे सगळ्यांना पाठ आहे, म्हणून त्याला व्याज न म्हणता ‘अडचण’ म्हणायचे. दोन वर्षे त्या घरात डाळ पातळ होत जाते. मग कोणीतरी येऊन त्या पातळ डाळीला कनाअत म्हणते! ती कनाअत नाही, ती बिर्याणीची परतफेड आहे.

आणि त्या बिर्याणीविषयी पाहुणे काय बोलतात? बोटी कमी होत्या. दालच्यात मटण नव्हते, नुसता भोपळा होता. जर्द्यात तूप दिसले नाही. मंचावर मौलाना ‘निकाह सादगीने करा’ सांगत असतात आणि पंगत दुसऱ्यांदा बिर्याणी मागत असते. अजोधनच्या वाण्याचे मीठ एका दिरमाचे होते. आपल्या डेगेतले सगळेच उधारीचे असते, तांदळापासून केवड्यापर्यंत, आणि आपल्यापैकी एकाचाही हात जड होत नाही.

ज्या वलीम्याला श्रीमंतांना बोलावले जाते आणि गरिबांना वगळले जाते त्याचे अन्न सर्वांत वाईट, अशी हजरत अबू हुरैरा (रजि.) यांची रिवायत बुखारीतच आहे. आपल्या बिरादरीच्या याद्या जरा आठवून पाहा. नगरसेवक पहिला, बिल्डर दुसरा. मोहल्ल्यातल्या बेवा बाईकडे पत्रिका जात नाही. तिच्याकडे फार तर उरलेल्याची पिशवी जाते, तीही रात्री अकरानंतर.

निजामुद्दीन औलियांनी अजोधनचा धडा दिल्लीला नेला. गियासपूरच्या खानकाहत मोठा लंगर चाले. नजराणे येत आणि लगोलग वाटले जात. ते स्वतः बहुतेक दिवस रोजा ठेवत. सहेरीचे ताट पुढे आले की घास उतरत नसे, कारण मशिदींच्या आणि दुकानांच्या कोपऱ्यांत उपाशी झोपलेले लोक त्यांना आठवत. त्यांचे ताट लहान होते आणि चूल मोठी होती. लहान ताट आणि मोठी चूल यांचे हे नाते आपल्या साधेपणाच्या भाषणांतून हरवले आहे. त्यांचेच एक खलिफा शेख बुरहानुद्दीन गरीब दख्खनमध्ये आले आणि १३३७ मध्ये इथेच वारले. त्यांची दरगाह खुलताबादेत आहे. दिल्लीत असताना खानकाहच्या स्वयंपाकाची जबाबदारी त्यांच्याकडे होती, असे सांगतात. आपल्या मातीत सूफी विचार आणणाऱ्यांत एक माणूस स्वयंपाकघरातून आला होता, ही गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. खुलताबादेत उर्साला जाणाऱ्या आपल्या लोकांना ती कोणी सांगत नाही.

अजमेरला गेलात तर दोन प्रकारचे अन्न दिसेल. एक डेगांतले. मोठी डेग अकबराने दिलेली, धाकटी जहांगीराने. मोठीत १२० मण आणि धाकटीत ६० मण शिजते, असे सांगतात. तांदूळ, साखर, तूप, केशर, सुका मेवा. मांस घालत नाहीत. डेग चढवायची तर दात्याला मोठी रक्कम मोजावी लागते, नाव पुकारले जाते, बघायला गर्दी जमते. दुसरे अन्न लंगराचे. जव आणि मीठ. बस्स. ती जवाची लापशी सकाळ-संध्याकाळ शिजते आणि भांडे घेऊन आलेल्याला मिळते. डेगेचा फोटो घराघरांत आहे. लंगराच्या कढईचा फोटो मी अजून कोणाच्या भिंतीवर पाहिलेला नाही. डेगेला माझा विरोध नाही, तीही शेवटी लोकांच्या पोटात जाते. पण ख्वाजांच्या दारात रोजची भूक भागवायचे काम जव आणि मीठ करतात, हेही आपण बघावे.

रमजानचे तरी काय? वर्षातला हा महिना पोट हलके ठेवण्याचा. किराणा दुकानदाराला विचारा, त्याचा सर्वांत मोठा हंगाम हाच. अस्रनंतर बायका चुलीपुढे उभ्या असतात त्या मगरिबच्या अजानीपर्यंत. समोसे, भजी, कबाब, फालुदा. रोजा त्यांचाही असतो. राजकीय इफ्तारींचा जमाना आता ओसरला आहे, पण त्यांनी लावलेली सवय मोहल्ल्यात उरली आहे. राष्ट्रपती अब्दुल कलाम यांनी २००२ मध्ये राष्ट्रपती भवनातली इफ्तार मेजवानी न देता तो खर्च अनाथाश्रमांकडे वळवला होता. तेव्हा आपल्यातल्या काहींना त्यात अपमान दिसला. मला त्यात उमर (रजि.) यांच्या तुपाची आठवण झाली.

साधे अन्न म्हणजे नेमके कोणते, हेही एकदा ठरवायला हवे. १९७२ च्या दुष्काळात अमेरिकेहून आलेली लाल मिलो ज्वारी रेशनवर मिळत होती आणि रोजगाराच्या कामांवर सुकडी वाटली जात होती. आमच्या दादीने त्या मिलोच्या भाकरी थापल्या. पीठ चिकट नव्हते, भाकर तव्यावर टाकेपर्यंत मोडायची. दादी पुढे वीस वर्षे जगली. जुन्या दिवसांच्या पुष्कळ गोष्टी तिने रंगवून सांगितल्या, पण मिलोविषयी ती कधी गोड बोलली नाही. अल्लाह ते दिवस दुश्मनालाही दाखवू नये, एवढेच म्हणायची. तिच्यापेक्षा मोठी कनाअत मी कोणात पाहिली नाही. तरी भूक आणि कनाअत यांची सरमिसळ तिने कधी केली नाही. ती सरमिसळ करायला माणूस शिकलेला लागतो.

आता त्याच ज्वारीचे बघा. संयुक्त राष्ट्रांनी २०२३ हे भरडधान्यांचे वर्ष म्हणून साजरे केले. शहरात ज्वारीची भाकर डॉक्टर लिहून देतात, हॉटेलात ती पिठल्याबरोबर ‘खास’ म्हणून मिळते. बाजारात ज्वारी गव्हाच्या बरोबरीने आणि कधी त्याहून चढ्या भावाने विकली जाते. रेशनवर गहू आणि तांदूळ घेणाऱ्याला भाकर आता परवडत नाही आणि आपला कथालेखक अजून गरिबाच्या ताटात भाकरच वाढतो आहे. अजवा खजुराची गत याहून मजेशीर. सुन्नत म्हणून तो मखमली डब्यात येतो आणि अशा भावात येतो की ज्याच्या घरी खरोखर खजूर-पाण्यावर दिवस काढायची वेळ आहे त्याने तो दुकानातच बघावा. जवाची तलबिना पाकिटात मिळू लागली आहे. गरिबाचे अन्न श्रीमंताची सुन्नत झाले आणि त्याचे पैसेही लागू लागले.

इमाम गजाली (मृत्यू ११११) यांनी ‘इह्या’मध्ये पोटाच्या हव्यासावर अख्खे प्रकरण लिहिले आहे आणि कमी खाण्याचे फायदे विस्ताराने सांगितले आहेत. पण त्यांची नजर तीक्ष्ण होती. लोकांपुढे साधे खाऊन एकांतात आवडीचे खाणाऱ्याचा त्यांनी तिथेच समाचार घेतला आहे. त्या माणसाचा अपराध खादाडपणाहून मोठा, कारण तो लोकांना दाखवण्यासाठी त्याग करतो. नऊशे वर्षांपूर्वी मोबाइल नव्हता. असता तर शिळ्या भाकरीचा फोटो काढून स्टेटसला ठेवणाऱ्याविषयी इमामसाहेबांनी आणखी एक पान लिहिले असते.

घरातली कनाअत कोणाच्या वाट्याला येते, ते आता बोलायलाच हवे, कारण आमच्या पुरुष लेखकांच्या कथांत ते नीट येत नाही. भाकर थापणारी शेवटी जेवते. पुरुष जेवले, मुले जेवली, पाहुणा आला तर तो जेवला. मग परातीत उरलेल्या पिठाची एक जाड भाकर, तव्याला लागलेले कालवण. कथेतली आई म्हणते, ‘मला भूकच नाही.’ आणि लेखक या वाक्याला ममता म्हणतो, सब्र म्हणतो, बाईच्या रूहाची श्रीमंती म्हणतो. २०१९–२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या पंधरा ते एकोणपन्नास वयाच्या निम्म्याहून अधिक स्त्रियांच्या रक्तात हिमोग्लोबिन कमी आढळले. सर्व धर्मांच्या, सर्व जातींच्या. ‘मला भूकच नाही’ हे वाक्य असे रक्तात उतरते. ज्या घरात पुरुष आधी उठून वाढतो आणि बाईबरोबर बसून खातो, त्या घरातली साधी डाळ-भाकर मला कोणत्याही वेळी मान्य आहे. तिथे मी कनाअतीवर कविताही ऐकेन.

मोहल्ल्यातल्या रेशन दुकानासमोर कधी उभे राहून बघा. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याने प्राधान्य यादीतल्या माणसाला महिन्याला पाच किलो धान्याचा हक्क दिला. जानेवारी २०२३ पासून ते मोफत आहे. विडी वळून किंवा धुणीभांडी करून झिजलेला अंगठा यंत्रावर उमटत नाही, मग म्हातारी परत जाते. कार्डात सुनेचे नाव चढलेले नसते, मग तिचे पाच किलो कागदावरच राहतात. आमच्या तरुणांनी एका दुपारी तहसीलला जाऊन असे चार अर्ज भरून दिले तर चार घरांत धान्य पोचते. त्याऐवजी आपण त्या बाईला सांगतो, रिज्क देणारा अल्लाह आहे, सब्र कर. रिज्क देणारा तोच आहे, यात शंका नाही. पण यतीमाला धक्के देणाऱ्या आणि गरिबाला जेवू घालायला लोकांना न सांगणाऱ्या माणसाला त्यानेच सूरह माऊनमध्ये दीन नाकारणारा ठरवले आहे. ही छोटी सूरह आपण नमाजात रोज पढतो. कनाअत माणसाला दुसऱ्याच्या ताटावर डोळा ठेवू देत नाही, पण स्वतःचे ताट कोणी उचलून नेले तर गप्प बस, असे ती कुठे सांगते?

साहित्यिक मित्र म्हणतील, हे सगळे समाजकार्य झाले. कथेत भाकर हे प्रतीक आहे, प्रतीकाला हिशेब विचारू नये. मला हे पटत नाही. आगऱ्याच्या नजीर अकबराबादीने रोटीवर अख्खी नज्म लिहिली. तीत भुकेल्या फकिराला चंद्र-सूर्य म्हणजे काय विचारले तर त्याला त्या जागी रोट्याच दिसतात. नजीर रोटीला आधी रोटी म्हणून मोजतो, मग तिच्यातून अर्थ काढतो. बाबा फरीद यांनीही आधी मिठाचा हिशेब विचारला, रूहाची गोष्ट नंतर काढली. ज्या प्रतीकाला वाण्याच्या वहीची भीती वाटते, ते वापरून वापरून गुळगुळीत झालेले असते. आपल्या नव्या लेखकांनी वलीम्याच्या दुसऱ्या दिवशीची सकाळ लिहावी. घासायला काढलेल्या डेगा, भटाऱ्याची बाकी, दागिन्यांची रिकामी डबी आणि नव्या सुनेने पहिल्यांदा उघडलेला पिठाचा डबा. त्या डब्यात पीठ किती होते, तेही लिहावे.

आणि साधा वलीमा कसा असतो असे कोणी विचारलेच, तर त्याचाही तपशील बुखारीत आहे. खैबरहून परतताना, हिजरी ७ मध्ये, वाटेतच प्रेषितांचा (सल्ल.) हजरत सफिया (रजि.) यांच्याशी निकाह झाला. वलीम्यात ना रोटी होती ना मांस. चामड्याचा दस्तरखान अंथरला गेला आणि ज्याच्याकडे जे असेल ते त्याने आणावे, असे सांगण्यात आले. कोणी खजूर आणले, कोणी तूप आणले, कोणी सुकवलेल्या दह्याचे गोळे. ते एकत्र कालवले गेले आणि बरोबरच्या सगळ्यांनी खाल्ले. कोणाकडूनही उधार काही घेतलेले नव्हते.